पहिले तोंड दखाड

"पहिले तोंड दखाड, मंग बोल."

जिजी हे नुसतं म्हणत नसे. तोवर तिचा अंगठा आणि तर्जनी तुमच्या हनुवटीला लागलेली असत आणि तुमचा चेहरा पुरता तिच्याकडे वळलेला असे. समोर दूधवाला असो, सोसायटीचा चेअरमन असो, की तपासणीला आलेला मीटरवाला. तोंड दाखवल्याशिवाय बोललेलं जिजीच्या हिशेबी बोलणंच नव्हतं. मला तर ती दिवसातून दोनदा तरी धरायची. खाली बघून बोलायची माझी सवय जुनी. शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती, घरात मराठी, जिजीची अहिराणी. कुठे कुठली भाषा काढायची हे ठरेपर्यंत माझी मान आपोआप खाली जाई.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या गल्लीत ते कुणाला नीट माहीतही नव्हतं. धुळ्याकडची म्हणून सगळी तिला जिजी म्हणत, आणि गुजराती शेजारणी 'जीजीबेन' म्हणत.

आमची गॅलरी आणि तिची गॅलरी समोरासमोर. मध्ये जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी गल्ली. गल्लीच्या टोकाला मागांची शेड. सुरतेत तिला खातं म्हणतात. त्या खात्यात जिजी कांडी भरायची. म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लहान कांडीवर मशीनने सूत गुंडाळायचं, भरलेल्या कांड्या टोपलीत टाकायच्या, रिकाम्या उचलायच्या. ती पाळीवरून घरी आली की आज खात्यात कुठल्या रंगाच्या साड्या निघतायत ते तिच्या बोटांवरून कळे. केसांत नेहमी सुताचे तुकडे. आई म्हणायची, "जिजी, तू मेलीस तर तुझ्या डोक्यातनं एक पदर विणून निघेल." जिजी हसून म्हणायची, "मंग तोच टाक माना आंगवर."

ज्यांनी मागांची शेड आतून पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. त्यामुळे खात्यातली माणसं ओरडतच नाहीत. ओठ हलवतात आणि हातांनी खुणा करतात. करंगळी हलवली की कांडी संपली. दोन मुठी एकमेकींवर ठेवल्या की माग बंद. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. जिजीला मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही ओठांवरून वाचता येत. गंमत अशी, की तिच्या खात्यात निम्मे कारागीर ओडिशाचे, त्यामुळे ओडियाही थोडी कळे. पण फक्त ओठांवरून. कुणी गल्लीत पाठमोरा ओडिया बोलत गेला तर ती मला विचारी, "हाऊ काय भाषा बोलस व?"

मास्कच्या दिवसांत जिजीची फार पंचाईत झाली. सगळ्या गल्लीची तोंडं झाकलेली. बायका म्हणायला लागल्या, जिजीला शिष्टपणा आलाय, हाक मारली तरी बघत नाही. शेवटी एके दिवशी तिने भाजीवाल्याचा मास्क दोन बोटांनी खाली ओढला आणि आपलं वाक्य म्हणाली. तो बिचारा इतका घाबरला की मेथीच्या एका जुडीऐवजी दोन देऊन मोकळा झाला. आम्ही सगळे हसलो. खात्यामुळे तिला जरा कमी ऐकू येतं, एवढंच आम्ही म्हणायचो; पण खरोखर किती ऐकू येतं, हा प्रश्न त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. मलाही नाही, आणि मी तर स्वतःला फार निरीक्षण करणारी समजते.

आता हेडफोनकडे येते, कारण जिजी मला खरी कळली ती त्यांच्यामुळे.

मला पुण्याच्या एका कंपनीत घरून करायचं काम मिळालं. त्यांच्या वेबसाइटवर विकल्या जाणाऱ्या साड्यांची इंग्रजीत वर्णनं लिहायची. रोज सकाळी साडेदहाला सगळ्यांची ऑनलाइन मीटिंग. पहिले तीन महिने चाचणीचे, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. लिहिण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मीटिंगमध्ये मात्र मी माइक बंद ठेवायचे आणि कुणी नाव घेऊन विचारलं की चॅटमध्ये टाइप करायचे: सॉरी, माझ्याकडे खूप आवाज आहे. खोटं नव्हतं ते. गल्लीच्या टोकाला माग खडखडत होते, आमच्या खालच्या मजल्यावर एम्ब्रॉयडरीची मशीन होती आणि तिच्या दणक्याने टेबलावरचा चमचा चालायला लागायचा.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मॅनेजर मॅडमनी मला वेगळा फोन केला. म्हणाल्या, "तुझं काम मला आवडतं. पण टीमला तू माहीतच नाहीस. न बोलणाऱ्या मुलीला मी कायम कशी करू? एखादा चांगला नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घे. पण बोल."

मी शोधायला लागले. स्वस्तातले दोन मैत्रिणींकडून आणून पाहिले. एकाने पंख्याचा आवाज अडवला आणि माग येऊ दिला. दुसऱ्याने माझाच आवाज विहिरीतून आल्यासारखा केला. जो खरोखर चांगला होता, आपल्या कानात येणारा गोंगाट थांबवणारा आणि समोरच्यालाही तो न ऐकवणारा, त्याची किंमत माझ्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी होती.

पप्पा डाइंग मिलमध्ये. त्यांनी किंमत ऐकून ताट बाजूला सरकवलं. "कानात घालायला एवढे पैसे? मग सोनं घाल की. टॉप्स येतील. उद्या लग्नात तरी दिसतील. आमच्या कानाशी तीस वर्षं मशिनी चालल्या, आम्ही मेलो का?"

जिजी तेव्हा आमच्याकडेच बसली होती, आईबरोबर मिरच्यांचे देठ काढत. पप्पा नेमके तिच्यासमोर तोंड करून बोलत होते. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, सोनं कानले बाहेरथून. हाई मझारथून." म्हणजे सोनं कानाला बाहेरून, हे आतून. पप्पांनी ताट परत ओढलं.

मग ती उठून माझ्या टेबलाशी आली. लॅपटॉपवर एका साडीचा फोटो उघडा होता. जिजीने चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि मोठ्याने हसली.

"लंगडा मोर!"

मला काही कळेना. तिने बोटाने काठावरचे मोर दाखवले. सहा मोर दोन पायांचे; सातव्याला एकच पाय. पुढे पुन्हा सहा ठीक, सातवा लंगडा. तिच्या खात्यातल्या जेकार्डच्या, म्हणजे छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या यंत्रमागांवर निघणारी ही साडी. डिझाइनचं कार्ड पाडणाऱ्याकडून एक पाय राहून गेला होता. शेठने नवं कार्ड करायचं नाही म्हटलं, मोर लंगडतच राहिला. खात्यात त्या साडीचं नावच पडलं लंगडा मोर. तिच्या बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या, कांड्या जिजीने स्वतः भरल्या होत्या.

मी फोटोखालची ओळ पाहिली. तिथे लिहिलं होतं, हातमागावर विणलेली. किंमतही हातमागाचीच होती. हे वर्णन माझं नव्हतं, टीममधल्या दुसऱ्या कुणाचं होतं. मी जिजीला सांगितलं, हे लोक हिला हातमागाची म्हणून विकतायत.

"मंग सांग ना त्यास्ले."

मी खाली बघून म्हटलं, "आवाज असतो ना जिजी. माझं बोलणं जात नाही पलीकडे."

हनुवटीला बोटं लागली. चेहरा वळला, मी तेच पुन्हा म्हटलं. या वेळी तिने आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. म्हणाली, "माले समोरथून रोज दखास. मीटिंगमा लोके बोलतस, तू मुंडी हालावस. तुनं तोंड बंद ऱ्हास. आवाजनं नाव कशाले सांगस?"

तिला इंग्रजी येत नव्हतं. मी बोलले असते तरी तिला अक्षर कळलं नसतं. पण बंद तोंड कुठल्याही भाषेत बंदच दिसतं. माझ्या कंपनीतल्या नऊ माणसांना दोन महिन्यांत जे कळलं नव्हतं, ते गल्लीपलीकडून सुपात धान्य पाखडता पाखडता तिला कळलं होतं.

त्यानंतर मी हेडफोन घेणं तीन आठवडे लांबवलं. घरात म्हणत होते, किमतीमुळे. खरं कारण माझं मला माहीत होतं. तो गोंगाट माझ्या फार कामाचा होता. मॅडम आता कुठल्याही दिवशी निर्णय घेणार होत्या. आणि हेडफोन घेतला की मग मी गप्प का, याला माझ्याकडे काही उत्तर राहणार नव्हतं.

शेवटी एका रविवारी निघालेच. आई म्हणाली, "जिजीला घेऊन जा. तिला कुणी गंडवू शकत नाही." जिजी ठेवणीतली साडी नेसून आली. अर्थात हातमागाची नाही.

दुकान मॉलमध्ये, थंडगार. सेल्समन टाय लावलेला आणि भलताच उत्साही. मला अनुभव द्यायचं सोडून त्याने 'पहिले आंटी को' म्हणत हेडफोन जिजीच्या अंबाड्यावरून घातला. टेबलावरच्या मोठ्या स्पीकरवर बाजाराचा गोंगाट लावला, बटण दाबलं आणि तिच्याकडे बघून विजयी मुद्रेने विचारलं, "आंटी, अब मेरी आवाज नहीं आ रही ना?"

"आ रही है बेटा. बोलो ना."

त्याने हेडफोन काढून उलटसुलट पाहिला, परत घातला. "अब?"

"अब भी आ रही है."

त्याने दुसरा आणला, त्याहून महागातला. तो कानावर नीट दाबून बसवला, त्यात गाणं लावलं, आवाज वाढवत नेला आणि अगदी पुटपुटत म्हणाला, "आंटी, चाय पिएँगे?"

"नहीं नहीं, अभी पी के आए."

आता त्याने आपल्या सीनियरला बोलावलं. सीनियर जिजीसमोर उभा राहून त्याला दबक्या आवाजात म्हणाला, "डेमो पीस ही खराब होगा, लेडीज के सामने इज्जत मत निकाल." जिजीने त्याला धीर दिला, "कोई बात नहीं भैया, इज्जत नहीं गई." दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मी पोट धरून हसत होते. दुकानात, चार लोकांसमोर, एवढ्या मोठ्याने मी कधी हसले असेन असं मला आठवत नाही.

सेल्समन नवा पीस आणायला आत गेला. मी जिजीच्या डोक्यावरचा हेडफोन उतरवून स्वतःच्या कानांना लावला आणि दचकून काढला. आत गाणं पूर्ण आवाजात चाललेलं होतं. भिंती हलतील असं.

जिजीने गाण्याचं नावही काढलं नव्हतं. आत गाणं आहे हेच तिला माहीत नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती काउंटरवरच्या काचेत आपला अंबाडा सारखा करत होती. इतकी वर्षं आम्ही जिला 'जरा कमी ऐकू येतं' म्हणत होतो, तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आणि तरीही गल्लीत कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे ते सगळ्यात आधी तिला ठाऊक असायचं.

सेल्समनने नवाकोरा डबा माझ्यासमोर ठेवला. मी डब्याकडे बघत म्हटलं, "राहू दे जिजी. महाग आहे. पुढच्या महिन्यात बघू."

बोटं आलीच. "पहिले तोंड दखाड, मंग बोल."

मी चेहरा वर केला. तिच्या डोळ्यांकडे बघून 'महाग आहे' म्हणायचा प्रयत्न केला. तुम्हीही कधी करून बघा. समोरचा माणूस तुमच्या ओठांकडे एवढं लक्ष देऊन बघत असताना खोटं बोलणं फार कठीण जातं.

"घेते," मी म्हटलं.

"मंग लेई टाक," जिजी म्हणाली, आणि सेल्समनकडे वळून, "पॅक करो बेटा. ये वाला अच्छा है, इसमें आवाज आती है."

रिक्षात मी तिच्याकडे पूर्ण वळून बसले आणि विचारलं, "जिजी, तुला किती ऐकू येतं?"

ती जराही दचकली नाही. "जितलं दखास तितलं." जेवढं दिसतं तेवढं. मग स्वतःच म्हणाली, की एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं होतं. दोन दिवस लावलं. भांडी, कुत्री, फटफट्या, सगळं एकदम अंगावर आलं. काढून गव्हाच्या डब्यात ठेवून दिलं. "तठे बरं शे ते."

मला तिची कीव आली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. कीव यावी असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतंच. उलट मलाच ओशाळल्यासारखं झालं. मला दोन चांगले कान होते आणि मी त्यांच्या आड लपून बसले होते.

सोमवारी साडेदहाला मी हेडफोन घातला. बटण दाबलं, आणि माग गेला. जन्मल्यापासून कानात असलेला आवाज एका क्षणात नाहीसा झाला. खोलीत अचानक मीच उरले. समोरच्या गॅलरीत जिजी सूप घेऊन उभी होती. तिची पाळी दुपारची असे. तिने भुवया उंचावल्या आणि पोटावरून गोल हात फिरवला: शेठ आला का? मी मान हलवली. मॅडम आल्या होत्या.

सहाव्या मिनिटाला लंगड्या मोराची साडी स्क्रीनवर आली. पुढच्या आठवड्यात ती पहिल्या पानावर घ्यायची असं ठरत होतं. मी माइक उघडला.

"ही साडी हातमागाची नाही," मी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, पण चेहरा वर ठेवून म्हटलं.

मॅडमनी विचारलं, "तुला कसं माहीत?"

मी सातवा मोर दाखवला. कुणीतरी मोठा करून पाहिला, पुढचा सातवा शोधला, त्याच्या पुढचा शोधला. हातमागावर विणणारा एवढ्या शिस्तीने चुकत नाही, मी म्हटलं. ही आमच्या गल्लीत विणली जाते. आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, मी हेडफोन काढला, लॅपटॉपचा माइक चालू केला आणि खिडकी उघडली. "ऐका. आत्ता विणली जातेय."

खडखड पुण्यापर्यंत गेली. मग मॅडम हसून म्हणाल्या, "रोज हा आवाज असतो तुझ्याकडे?"

"रोज."

साडीचं वर्णन बदललं, किंमतही उतरली. ते नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. महिनाअखेरीस कायम झाल्याचं पत्रही आलं. पप्पा त्यावर म्हणाले, "म्हणजे महिन्याचा पगार घालून आवाज बंद केलास, आणि पहिल्याच दिवशी खिडकी उघडून जगाला ऐकवलास." पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा हेडफोन गुपचूप डोक्यावर चढवून पाहिला, हे मी दारातून पाहिलं. बराच वेळ काढला नाही.

त्या सोमवारी मीटिंग संपल्यावर मी गॅलरीत गेले. जिजी गल्लीपलीकडून ओठांनीच म्हणाली, "काय बोलनी ते नही समजनं. पन बोलनी." आणि सूप काखेत धरून आत गेली.

पुढच्याच वर्षी खात्यात नवी मशिनं आली. त्यांना धोटा नाही, म्हणून कांडीही लागत नाही. कांडीखात्यातल्या सगळ्या बायकांना शेठने घरी पाठवलं. मी रडवेली होऊन गेले तर जिजी ट्रंकेवर बसून कुलूप लावत होती. तिच्या लेकीला शिरपूरजवळच्या गावी बाळ झालं होतं. ती तिकडेच निघाली होती. "मी काय कांडी शे का, संपनी न फेकी दिनी?" ती म्हणाली. "माले काम शे तठे." जाताना लंगड्या मोराची एक साडी माझ्या हातात ठेवली आणि बजावलं, "हातमागनी सांगू नको कोनले."

तिच्या गॅलरीत आता दुसऱ्या कुणाचे कपडे वाळतात. साडेदहाला माझी नजर अजूनही तिकडे जाते.

दर रविवारी मी तिला व्हिडिओ कॉल करते. हेडफोन घालून आधी खिडकीसमोर बसते, म्हणजे उजेड तोंडावर येतो. गेल्या रविवारी ती अंगणात बसली होती, नातू मांडीवर झोपलेला. मी जेवले का, पप्पांचा गुडघा कसा आहे, नवी मशिनं कापड बरं काढतात का, सगळं तिने विचारलं. मीही सांगत होते. नवा मोर आलाय, दोन्ही पायांवर उभा आहे, असं सांगितल्यावर ती खांदे हलवून हसली. तिचं हसू दिसलं, पण ऐकू आलं नाही.

मला वाटलं, झालं, एवढ्या महागाचा हेडफोन गेला. चार्जिंग पाहिलं. ठीक होतं. फोनशी परत जोडला. काही नाही. काढून फुंकर मारली, पुन्हा घातला. तेवढ्यात तिकडे कुठे तरी कोंबडा आरवला, तो मला अगदी कानाशी आल्यासारखा स्पष्ट ऐकू आला.

हेडफोनला काही झालं नव्हतं. नातू उठू नये म्हणून जिजी आवाज न काढता बोलत होती, खात्यात बोलायची तशी. आणि मी कॉल लागल्यापासून तिच्या एकेका प्रश्नाला उत्तर देत होते.